फिर्पोंची तबकडी अखेर सुरात लागली

मागील नोंदीत जिच्याविषयी तक्रार केली होती, ती अर्जेंटिनाचे टँगो-पियानोवादक रॉबेर्तो फिर्पो यांच्या वाद्यवृंदाची, मायक्रोफोनऐवजी भोंग्यासमोर मुद्रित झालेली ओडेऑन कंपनीची तबकडी काल प्रथमच नाचू लागली. मिनिटाला ७८ फेऱ्यांवर ती जड वाटत होती आणि हार्मोनियमशी ताडून पाहता तिचा सूर नेमका दोन पट्ट्यांच्या मध्ये पडत होता. वेग ७५.८ केला की खालची पट्टी जुळत होती, ८०.३ केला की वरची. त्या काळी कंपन्या वेगाबाबत किती सैल होत्या हे आपणांस ठाऊकच आहे, त्यामुळे दोन्ही शक्यता खुल्या होत्या.

यात कानाची साक्ष चालत नाही. वेग वाढवला की कोणतीही नाचाची चाल खुलते, हे एक. दुसरे असे की टँगो म्हणजे विरह, अशी आपल्या कानांना सवय लागलेली आहे, त्यामुळे संथ वेगही खरा वाटतो. प्रत्यक्षात, उदाहरणार्थ, ‘ला कुम्पार्सिता’ हा प्रसिद्ध टँगो मुळात मातोस रोद्रिगेस यांनी मोंटेव्हिडिओत विद्यार्थ्यांच्या कार्निव्हल-मेळ्यासाठी रचलेली कूचधून होता; फिर्पोंनी तिचा टँगो केला, आणि आज सर्वांना आठवणारे दुःखी शब्द तिला १९२४ मध्ये चिकटले.

पुरावा दिला तो व्हायोलिनने. दुसऱ्या भागात ते उतरत उतरत आपल्या सर्वांत खालच्या स्वरावर टेकते, आणि तिथे स्वराला जराही कंप नाही, म्हणजे तार मोकळी आहे. मोकळ्या ‘जी’ तारेची (व्हायोलिनची सर्वांत खालची तार) कंपनसंख्या सेकंदाला १९६. ८०.३ वर तो स्वर बरोबर तिथे येतो, ७५.८ वर १८५ पर्यंत घसरतो, आणि तो स्वर नेहमीच्या मिळवणीच्या व्हायोलिनवर नाहीच. त्या काळच्या मिळवणीत थोडा फरक धरला, तरी तो अख्ख्या अर्धस्वराचा होत नाही.

बदल जेमतेम तीन टक्क्यांचा, पण बान्दोनेओनचे (टँगोतले भात्याचे, हातात धरून वाजवायचे वाद्य) तुटक स्वर आता टणटणीत उठतात आणि फिर्पोंच्या डाव्या हातातला हबानेराचा (क्यूबातली नृत्यलय) झोल स्पष्ट कळतो. ७८ चा वेग तपासण्याच्या चकत्यांविषयी (दिव्याखाली फिरताना रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) एक सूचना: संकेतस्थळांवरील अनेक चकत्या ९२ रेघांच्या, म्हणजे ६० हर्ट्झच्या विजेसाठी असतात, आपल्याकडे ५० हर्ट्झसाठी ७७ रेघांचीच चकती हवी. आपोआप खरखर काढणाऱ्या संगणकीय गाळण्या तर मी कायमच्या बंद केल्या आहेत, कारण त्या खरखरीबरोबर बान्दोनेओनचा आघातही पुसतात. टिकटिक हातानेच वेचावी.

यापुढे स्वरसंतुलनाकडे (खालच्या-वरच्या स्वरांचा समतोल साधण्याकडे) वळणार होतो. परंतु हे लिहिताना लक्षात आले की दुसऱ्या बाजूचा साचा-क्रमांक (मुद्रणाच्या वेळी दिलेला क्रमांक) या बाजूच्या अगदी लगतचा आहे. दोन्ही बाजू एकाच बैठकीतल्या असतील, तर तिथेही ८०.३ च निघायला हवा. म्हणून संतुलन बाजूला ठेवून आज रात्री ती बाजू तीन मिलच्या (इंचाच्या तीन हजारांश) सुईने संगणकावर उतरवून घेतो.