बाळ आज कमी फिरतंय, हे कसं ओळखायचं

“नववा लागला की बाळ कमी फिरतं, आता आत जागा कुठं राहिली?” बीड-लातूरकडच्या घरांत हे इतक्या खात्रीनं सांगितलं जातं, की बाईच्या मनात शंका आली तरी ती गप्प बसते. हे खरं नाही. दिवस भरत येतात तशी हालचालीची तऱ्हा बदलते. उसळ्या कमी होतात. सरकणं, कूस बदलणं, बरगडीखाली टाच रुतणं वाढतं. पण बाळाचं फिरणं बाळंतपणापर्यंत, अगदी कळा सुरू झाल्यावरही, चालू राहायला हवं.

वारेतून (प्लॅसेंटातून) मिळणारा प्राणवायू कमी पडू लागला, की बाळ हातपाय हलवणं आवरतं घेतं आणि हृदयाला पुरवठा राखतं. त्यामुळे ठोके ऐकू येत असताना बाळ अडचणीत असू शकतं, आणि घरी बसून कळणारी खूण हालचालीचीच असते.

मोजणी 28व्या आठवड्यापासून सुरू करावी. संध्याकाळनंतर बाळं जास्त जागी असतात, म्हणून रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बरी. डाव्या कुशीवर निजायचं, मोबाइल बाजूला ठेवायचा. उशाशी दोन वाट्या, एकीत दहा चिंचोके. बाळ हललं, वळलं, ढकललं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. एका दमात सलग वळवळलं तर ती एकच हालचाल धरायची. उचकी मोजायची नाही. ती घड्याळासारखी एका तालात ठकठक लागते आणि बाळाच्या मर्जीची नसते. दहा चिंचोके दोन तासांच्या आत संपले पाहिजेत, नाहीतर दवाखाना गाठायचा. किती मिनिटं लागली ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवायचं. बाळाची एक झोप साधारण 20 ते 40 मिनिटांची असते, दीड तासाच्या पुढं ती क्वचितच जाते. दोन तासांची मुदत त्यासाठीच आहे.

दहाच्या आकड्यापेक्षा मला कॅलेंडरवरची ती मिनिटं जास्त मोलाची वाटतात. रोज पंचवीस मिनिटांत दहा भरवणाऱ्या बाळाला आज पावणेदोन तास लागले, तर आकडा पूर्ण झाला तरी काहीतरी बदललंय. तेव्हाही दवाखान्यात जायचं. “गोड खा, गार पाणी पी, मग फिरेल” यात रात्र घालवू नये. वार पुढच्या बाजूला आहे असं सोनोग्राफीत आलं असेल, तर सुरुवातीचे धक्के दबलेले लागतात. पण त्या बाईलाही तिच्या बाळाची रोजची सवय ठाऊक असतेच, बदल झाला की थांबायचं नाही.

ऊसतोडीला गेलेल्या बायांचं इथं वेगळं सांगायला हवं. दिवसभर कोयता चालवताना, मोळ्या वाहताना पोटातलं फिरणं जाणवतच नाही. हालचाल कळते ती अंग स्वस्थ असताना. “दिवसभर काही कळलं नाही” म्हणून एकदम घाबरायचंही नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. भाकरी-कालवण उरकलं की कोपीत (पाचटाच्या झोपडीत) आडवं होऊन आधी मोजायचं, मग झोपायचं.

उपकेंद्रात सिस्टर डॉप्लर (बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र) लावतात तेव्हा ठोके मिनिटाला 110 ते 160 असावेत; काही तक्त्यांवर खालची मर्यादा 120 लिहिलेली असते. आधी पोट चाचपून बाळाची पाठ शोधायची, कारण ठोके तिथंच स्पष्ट लागतात. डोकं खाली असेल तर बेंबीच्या खाली एका बाजूला, पायाळू असेल तर बेंबीच्या आसपास किंवा वर. पूर्ण मिनिट मोजायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं आईच्या मनगटाची नाडी धरायची. ही पायरी फार वेळा गाळली जाते. तापात आईची नाडी 120 वर गेलेली असते, आणि तीच बाळाचे ठोके म्हणून लिहिली जाऊ शकते. आईच्या तापानं बाळाचेही ठोके 160 च्या वर जातात, म्हणून थर्मामीटर लावल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावू नये. ऑनलाइन मिळणारं डॉप्लर घरी आणू नका. त्यातून ठोके ऐकू आले, की जायला निघालेली बाई परत निजते.

दवाखान्यात एनएसटी करतात, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काही वेळ कागदाच्या पट्टीवर काढतात. त्यासाठी आईला उताणं झोपवू नये. गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, आईचा बीपी उतरतो आणि पट्टी विनाकारण बिघडते. अर्धवट बसतं करून डावीकडे कलतं ठेवायचं. ठोक्यांची चकती जेल लावून बाळाच्या पाठीवर, कळांची चकती जेलशिवाय पोटाच्या वरच्या टोकाशी, आणि बाळ हललं की दाबायचं बटण आईच्या हातात. 20 मिनिटांत निदान दोनदा ठोके मूळ रेषेपेक्षा 15 ने चढून 15 सेकंद टिकले, तर पट्टी चांगली. 32 आठवड्यांच्या आत 10 ठोके, 10 सेकंद पुरतात. चढ दिसला नाही तर बाळ झोपलेलं असू शकतं, म्हणून 40 मिनिटं पाहतात. रेषा करवतीच्या दातांसारखी, 5 ते 25 ठोक्यांत खालीवर होणारी हवी. ती बराच वेळ सपाट राहिली तर डॉक्टरांना लगेच दाखवायची. कागदाचा वेगही बघावा. मिनिटाला 1 सेंमीऐवजी 3 सेंमी लागला असेल, तर चांगली रेषाही ताणून सपाट दिसते. बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली असतील तर तेही सांगायचं, कारण नंतर दोन-तीन दिवस हालचाल आणि रेषेची खालीवर दोन्ही मंदावू शकतात.

पट्टीवरून शंका राहिली तर सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी, बाळाचा श्वास, हालचाल आणि स्नायूंचा जोर (टोन) पाहतात. पट्टी धरून पाच गोष्टी, प्रत्येकी 2 गुण; 8 किंवा 10 आले आणि पाणी पुरेसं असलं तर बरं.

पट्टी चांगली आली म्हणजे बाळ या घडीला ठीक आहे, एवढंच. दोन दिवसांनी फिरणं परत मंदावलं तर परत जायचं, कुणी “परवाच तर येऊन गेलीस” म्हटलं तरी. 108 ला फोन करताना आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य “बाळाची हालचाल कमी झाली आहे” हेच असू द्या. “पोटात कसंतरी होतंय” म्हटलं तर रांगेत बसवतात. निघताना फाइल घ्या, आणि ते कॅलेंडर भिंतीवरून काढून सोबत न्या.