तुम्ही विचारलंत म्हणून: फायरमनला पगार किती?

लग्नात, एसटीत, सलूनमध्ये, कुठेही भेटा, तिसरं वाक्य हेच. "फायरब्रिगेडला ना, मग सरकारी, किती पडतात हातात?" वर "तुम्हाला काय, आग लागली तर काम, नाहीतर कॅरम." कॅरम आहे आमच्याकडे, खोटं कशाला बोलू. पण आकडा विचारलात की मी जो घुटमळतो ना, ते लपवायचं म्हणून नाही. कोणाचा आकडा सांगू हेच कळत नाही.

कारण महाराष्ट्राची अशी एक फायरब्रिगेड नाहीच. पोलिसांची जशी राज्याची भरती असते तसं आमचं नाही. अग्निशमन हे पालिकेचं काम, त्यामुळे मुंबईचा फायरमन मुंबई महापालिकेचा, एमआयडीसीचा एमआयडीसीचा, आणि मी आमच्या नगरपरिषदेचा. 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा सगळ्या राज्याला एक, पगारपत्रक ज्याचं त्याचं. मुंबईच्या जाहिरातीत 21,700 ते 69,100, बऱ्याच महापालिकांच्या जाहिरातीत 19,900 ते 63,200. लोक त्यातला शेवटचाच आकडा वाचतात, तो रिटायर व्हायच्या वयाला दिसला तर दिसला. सुरुवात पहिल्या आकड्यापासून, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. घरभाडं सातव्या आयोगात मुंबईला 24 टक्क्यांपासून आणि आमच्यासारख्या गावाला 8 पासून सुरू झालं. पेन्शनचं विचारू नका. विचारताच म्हणा. मी 2010 ला लागलो आणि जुनी पेन्शन 1 नोव्हेंबर 2005 नंतरच्यांना बंद, आमचे दहा टक्के कापून जातात. त्याच जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 ला संप झाला, त्यात सगळे रस्त्यावर होते, आम्ही बंबाजवळच.

हे झालं माझं, म्हणजे परमनंट माणसाचं. पण स्टेशनवर तुम्हाला जे दिसतात त्यातले निम्मे ठेकेदाराचे. गणवेश तोच, गमबूट तेच. 14 एप्रिलला मुंबईच्या गोदीत 1944 साली गेलेल्या 66 जवानांना फुलं वाहतो तेव्हा एकाच रांगेत उभे असतो. फक्त त्यांना वेतनश्रेणी नाही, ठोक रक्कम, तीही ठेकेदाराकडून कापून कापून येते.

आता 2021 चं सांगतो. दर वेळी टाळतो, पण तुम्ही विचारलंच आहे.

22 जुलै, चिपळूण बुडालं तो दिवस. आमचंही गाव खाडीचं, पाणी चढलेलं, रस्ते बंद, आम्हाला सोडवायला पुढच्या शिफ्टला येणारी माणसं घरीच अडकली. ठेकेदाराचा एक पोरगा होता, सव्वीस वर्षांचा, त्याची ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ. रात्री आठला घरी जाणार कसा, आणि गेला असता तर आम्ही उरलो असतो तिघे. थांबला. रात्री 2.40 ला वर्दी, म्हणजे मदतीचा निरोप, आली, हद्दीबाहेरच्या वाडीतून, म्हातारी एकटी माळ्यावर आणि खाली कमरेएवढं पाणी. हद्दीबाहेरची म्हणून नाही म्हणता येतं का अशा वेळी? बंब वर रस्त्यावर उभा केला, पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, तो खाली जातच नाही. दोर बांधून तो पोरगा आणि मी उतरलो, पाखाडीचा ओढा झालेला. म्हातारीला त्याने पाठीवर घेतलं, वर आणलं, आणि उरलेला दोर सोडवायला पुन्हा खाली गेला. गडगा, म्हणजे कडेचा दगडी बांध, भिजून सुटलेला होता, जांभ्याचे चिरे एकदम त्याच्या पायावर आले. मला आवाज आठवत नाही, त्याच्या हेल्मेटचा दिवा आडवा झालेला तेवढा आठवतो. उजाडेपर्यंत हॉस्पिटलला नेता आलं नाही. नडगीत रॉड पडला.

मग रिपोर्ट. लीडिंग फायरमन म्हणून लिहायचा मी. नगरपरिषदेच्या ऑफिसातल्या एकाने हळूच सांगितलं, वेळ संध्याकाळी साडेसातची लिहा आणि जागा हद्दीतली, त्याचंच भलं होईल. मी लिहिलं रात्री 2.40, हद्दीबाहेर, जसं घडलं तसं. झालं! ठेकेदार म्हणाला हजेरीपटावर तो आठला सुटलेला, ऑफिस म्हणालं तो आमचा कर्मचारी नाही आणि जागाही आमची नाही. ठेकेदाराने हॉस्पिटलचं बिल भरलं, एका कागदावर सही घेतली आणि पुढच्या महिन्यापासून त्याच्या जागी दुसरा.

खूप दिवस मी स्वतःला सांगायचो की खरं लिहिलं, मान ताठ. आता सांगतो, वर्दीच्या रजिस्टरला वेळ आधीच चढलेली होती, खोटं लिहिलं असतं तर चौकशीत माझी नोकरी गेली असती, पोरीची फी डोळ्यासमोर होती. खरेपणा किती आणि भीती किती, मलाच वेगळं करता येत नाही. आणि खोटं लिहूनही त्याला मिळालं असतंच असंही नाही.

पुढे रत्नागिरीत एका वकिलाने सांगितलं की तेव्हा 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता, कामामुळे आणि काम करताना इजा झाली तर भरपाई, बरा होईपर्यंत साधारण अर्धा पगार, आणि कलम 12 प्रमाणे ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकावरही दावा लावता येत होता. म्हणजे हजेरीपटावर आठ लिहिलेत म्हणून संपलं असं नव्हतं, 2.40 ला तो आमच्याच बंबावरून उतरला हे सांगायला माझा रिपोर्टच उपयोगी पडला असता. हे मी त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "दादा, सही करून झाली ना." मी गप्प. अकरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे माहीत नसावं? नव्हतं.

आता तो रिक्षा चालवतो, ब्रेक दाबताना पाय दुखतो म्हणतो. यंदा शिमग्याला त्याचा धाकटा भाऊ आला, फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स झालेला, आणि तोही तेच, "काका, पगार किती?" मी म्हटलं जाहिरातीत वेतनश्रेणी लिहिलीय की ठोक, ते आधी बघ, ठोक असेल तर माझ्याकडे येऊ नको. त्याने दोन्ही भरलेत, मुंबईचा पण आणि इथला ठेकेदाराचा पण. मुंबईचं काही ठरेपर्यंत घरी बसून काय करू म्हणतो. सोमवारपासून येतोय, माझ्याच शिफ्टला.