सदुसष्टाव्या वर्षी मोडी

मोडी लिपीच्या वर्गात माझ्या शेजारी २४ वर्षांचा एक मुलगा बसतो. त्याला मुळाक्षरं आठ दिवसांत आली. मला दोन महिने लागले. रात्री वीसदा गिरवलेलं अक्षर सकाळी अनोळखी वाटायचं.

मी घाबरले होते. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं राहत्या घरात बसून "मला घरी सोडा" म्हणायच्या. तेव्हापासून एखादं नाव जिभेवर येऊन अडलं, तरी माझ्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "नाव मागाहून आठवतं का?"

आठवतं. भांडी विसळताना, आमटीला फोडणी देताना, आपसूक.

मग त्यांनी नीट समजावलं. वयानुसार मेंदूचा वेग कमी होतो, नवीन गोष्ट ठसायला आणि ठसलेली शोधून काढायला वेळ लागतो. शब्दसंग्रह मात्र साठीनंतरही टिकून असतो. नाव उशिरा सुचणं वेगळं आणि पायाखालची वाट चुकणं वेगळं. त्या रात्री मी पुष्कळ दिवसांनी शांत झोपले.

गिरवणं मी सोडून दिलं. आता अक्षर झाकते, आठवून लिहिते, मग उघडून ताडून पाहते. आज, परवा, मग आठवड्याने. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ सालीच, निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून, हे दाखवून दिलं होतं की एका बैठकीत घोकण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवसांत विभागून केलेली उजळणी जास्त टिकते. मला ते ६७व्या वर्षी कळलं, तरी उपयोगी पडलं.

आणि गेल्या महिन्यात सरांनी एका खरेदीखताची झेरॉक्स वाटली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिच्याखाली सलग लिहितात. शब्द कुठे संपला ते दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मुलगा एकेक अक्षर बरोबर लावत होता, पण शब्द तुटत नव्हते. मला 'पुर्वेस' एवढंच लागलं आणि पुढचं सगळं उलगडत गेलं. ही चतुःसीमा, जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी! म्हणजे पुढे दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस येणारच. ओढा, बांध, गाडीवाट. दस्त नोंदणीच्या कचेरीत ३१ वर्षं मी हेच वाचत आले होते.

"काकू, कसं वाचलंत?" तो खुर्ची ओढून जवळ आला. आता आम्ही जोडीनं वाचतो. अडलेलं अक्षर तो सांगतो, शब्द मी तोडते.

आजोळच्या ट्रंकेत अकरा कागद निघालेत. दोन वाचून झाले. तिसऱ्यात एका बाईचं नाव अडलंय, शेवटी 'बाई' आहे एवढं नक्की. माझी पणजी असावी. गुरुवारी तो कागद वर्गात नेणार आहे.