शाळेतील सिस्टर: माझ्या नोकरीचे पहिले वर्ष

जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपून परिचारिका म्हणून नोंदणी झाली, तेव्हा माझ्या बहुतेक मैत्रिणी नाशिक-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत रुजू झाल्या आणि मी 600 मुलांच्या एका निवासी शाळेत नोकरी धरली. "आधी दोन वर्षे वॉर्डात काढ, शाळा काय नंतरही मिळेल," असे आमच्या ट्यूटर मॅडमनी बजावले होते. त्यांच्या सांगण्यात तथ्य होते, हे मला पहिल्याच महिन्यात कळले.

वॉर्डात रुग्णासोबत केसपेपर असतो, डॉक्टरांच्या ऑर्डर्स असतात आणि अडले तर विचारायला सीनियर सिस्टर असतात. शाळेत मूल सिक रूमच्या दारात उभे राहते आणि "सिस्टर, पोट दुखतंय," एवढेच सांगते. त्या दोन शब्दांमागे न केलेला नाश्ता असू शकतो, गणिताची चाचणी असू शकते, पहिली पाळी आल्याचे सांगण्याचा संकोच असू शकतो, आणि अपेंडिक्सही असू शकते. सहावीतला एक मुलगा सोमवारी सकाळी असाच आला. बेंबीभोवती दुखत होते, ताप नव्हता. सुट्टीवरून परतलेल्या मुलांची सोमवारची पोटदुखी मी तोवर बरीच पाहिली होती, म्हणून थोडा वेळ झोपवून मी त्याला वर्गात पाठवले. संध्याकाळी तो कमरेत वाकून चालत आला, तेव्हा दुखणे खाली उजवीकडे सरकले होते आणि एका पायावर उडी मारायला सांगितल्यावर त्याला ती मारवेना. रात्रीच त्याची शस्त्रक्रिया झाली व तो बरा झाला. पण मधल्या सात तासांत मी त्याला एकदाही पुन्हा पाहिले नव्हते, याची बोच आजही आहे. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरमध्ये 'पुन्हा पाहिले, वेळ' असा एक रकाना आखला, आणि पोटदुखीचे मूल दोन तासांनी स्वतः आले नाही तर मी त्याच्या वर्गात जाऊ लागले.

हे रजिस्टरच पुढे माझे खरे शिक्षक ठरले. पावसाळ्यात तीन मुले रात्री अंग खाजते म्हणून वेगवेगळ्या दिवशी येऊन गेली होती. नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा तिघेही एकाच खोलीत झोपतात हे लक्षात आले. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर खरजेचे पुरळ स्पष्ट दिसत होते. खरजेत एकट्या मुलाला मलम लावून भागत नाही, कारण शेजारच्या गादीवरून ती पुन्हा येते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या खोलीतील सर्वांना एकाच रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत 5 टक्के परमेथ्रिन हे खरजेचे मलम लावले, सकाळी आंघोळी घातल्या, चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले आणि आठवड्याने हे सारे पुन्हा केले. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, हे पालकांना फोनवर समजावण्यातच माझा अधिक वेळ गेला. न्यूयॉर्कमध्ये 1902 साली लीना रॉजर्स या परिचारिकेची शाळांवर नेमणूक झाली, ती अशाच आजारांसाठी घरी पाठवलेली मुले उपचारांविना घरीच राहत होती म्हणून. हे वाचले तेव्हा मला आमची ती खोली आठवली.

जंतनाशक गोळ्या, लोहाच्या साप्ताहिक गोळ्या, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची भेट ही कामे ठरलेल्या दिवशी येतात आणि पार पडतात. त्यांहून अवघड काम होते ते टाइप 1 मधुमेह असलेल्या आठवीतल्या मुलीच्या शिक्षकांना तयार करण्याचे. तिला घाम फुटला, हात थरथरू लागले किंवा ती विनाकारण चिडली, तर रक्तातली साखर उतरली असे समजून तिला एकटीला सिक रूमकडे पाठवायचे नाही. जागेवरच तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची, 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची आणि ती 70 च्या (मिग्रॅ/डेसिलीटर) खालीच असेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचे नाही. खेळाच्या सरांनी हे शिट्टीच्या दोरीला बांधलेल्या कार्डावर लिहून घेतले, याचा मला फार आनंद झाला.

शाळेत पहिली नोकरी घेऊ पाहणाऱ्या मुलींना मी आता ट्यूटर मॅडमसारखे 'थांब' म्हणत नाही; मात्र जमल्यास सहा महिने तरी बालरुग्ण विभागात काढावेत, असे आवर्जून सांगते. मुलाखतीत पगाराइतक्याच स्पष्टपणे तीन गोष्टी विचाराव्यात: शाळेचे डॉक्टर कोण, कोणते औषध किती द्यायचे याच्या त्यांच्या सहीच्या लेखी सूचना आहेत का, आणि रात्री गाडी व चालक आवारात असतो का. मी रुजू झाले तेव्हा माझ्या हाती औषधांच्या कपाटाची किल्ली आली होती, लेखी सूचना नव्हत्या. त्या मिळवायला मला अडीच महिने लागले. आज ते सहीचे दोन कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहेत.