दिवे कधी लावायचे

सिनेमा नेमका कधी संपतो, यावरून परवा आमच्या सभागृहात वाजलं. अजून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मी प्रोजेक्शन ऑपरेटर. ‘फाइव्ह ईझी पीसेस’ची (१९७०) ३५ एमएम प्रिंट आली होती, दुपारी आणि संध्याकाळी असे दोन खेळ. ९८ मिनिटं म्हणजे पाच रिळं. प्रत्येक रीळ आधी हाताने फिरवून तपासावं लागतं. सुती मोजा घालून फिल्मच्या कडेवर बोट ठेवायचं. फाटलेली भोकं, सुटत आलेले जोड डोळ्याआधी बोटाला कळतात. सगळ्यात जास्त झिजतात ती रिळाची दोन टोकं, कारण यंत्रात ओवताना तीच हाताळली जातात. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच चेंजओव्हर, म्हणजे पहिलं यंत्र बंद आणि पडद्यावर दुसऱ्या यंत्रावरचं पुढचं रीळ. या प्रिंटवर कुणा ऑपरेटरने स्वतःच्या सोयीसाठी टोकदार काहीतरी घेऊन जादा खुणा कोरल्या होत्या. माझ्या लेखी हा गुन्हा आहे. प्रिंट आहे तोवर ते ओरखडे प्रत्येक प्रेक्षकाला दिसत राहणार. पाचव्या रिळाचं शेपूट मात्र शाबूत होतं, ते बघून जीव भांड्यात पडला.

कारण सगळं तिथे आहे. बॉबी (जॅक निकल्सन) हा संगीतकारांच्या घरातला, पियानो सोडून कॅलिफोर्नियातल्या तेलविहिरींवर मजुरी करणारा. रेएट (कॅरन ब्लॅक) वेट्रेस, कंट्री गायिका टॅमी विनेटची गाणी ऐकणारी, त्याला धरून राहणारी. तिला दिवस गेलेत. तो तिला धड जवळ करत नाही, धड सोडत नाही. शेवटी पेट्रोल पंपावर तो तिच्या हातात पाकीट देतो, ती कॉफी आणायला जाते आणि हा अंगात जाकीटसुद्धा न घालता उत्तरेकडे निघालेल्या लाकडाच्या ट्रकमध्ये बसून निघून जातो. कॅमेरा जागचा हलत नाही. लांबून दिसतो तो पंप, त्यांची गाडी, आणि त्याला शोधणारी रेएट. नावं त्याच दृश्यावर येतात. संगीत नाही, नुसते रस्त्यावरचे आवाज.

दुपारी पहिलं नाव आलं आणि दिवे लागले. दिव्यांच्या बोर्डावरच्या मुलाला तेवढंच शिकवलेलं: नावं आली की दिवे. पडद्यावर उजेड पडला, की एवढ्या लांबच्या दृश्यातलं माणूस धुऊन निघतं. लोक उठले. बाहेर पडताना बोलणं सगळं बॉबीचं. रेस्टॉरंटमध्ये टोस्टवरून घातलेला वाद, हायवेवरच्या कोंडीत टेम्पोवर चढून वाजवलेला पियानो. रेएटबद्दल माझ्या कानावर एक शब्द आला नाही.

संध्याकाळी मी बजावून सांगितलं, फिल्म यंत्राच्या गेटमधून (भिंगामागच्या खाचेतून) पूर्ण बाहेर पडेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. शेवट आला तसा व्यवस्थापकांचा माझ्या प्रोजेक्शन केबिनमध्ये फोन. लोक अंधारात उठतायत, दिवे लावा. मी नाही म्हटलं. खिडकीतून दिसत होतं, उठलेल्यांपैकी काहीजण परत बसले.

नंतर एक बाई केबिनच्या दाराशी आल्या. “पाकीट तिच्याकडेच राहिलं ना?”

“हो, तिच्याकडेच.”

“मग निदान घरी तरी पोचेल,” म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळचे प्रेक्षकच वेगळे होते, असं कुणी म्हणेल. असेलही. पण दिग्दर्शक बॉब राफेलसन आणि छायाचित्रकार लास्लो कोवाक्स यांनी एरवी आपल्याला बॉबीच्या मागे मागे नेलं आहे. कोंडीतून तो टेम्पो भलत्या रस्त्याला लागतो तेव्हाही आपण बॉबीचीच मजा बघत असतो. शेवटी तो निघून जातो आणि आपण मात्र तिच्यापाशी उरतो. हे कळायला वेळ आणि अंधार लागतो. दिवे लवकर लावले तर प्रेक्षकही तिला पंपावर टाकून निघतो, आणि त्याला ते कळतसुद्धा नाही. त्या मुलाचा राग नाही माझा. राग आहे तो घाईला शिस्त समजणाऱ्यांचा.

व्यवस्थापकांचं म्हणणं, अंधारात कुणी पडलं तर जबाबदारी कोणाची? मुद्दा खरा आहे. पायऱ्यांचे दिवे खुशाल लावा, पडद्यावर उजेड नको, एवढ्यावर आमचं सध्या मिटलंय. रिळांच्या डब्यात पुढच्या ऑपरेटरसाठी चिठ्ठी घातली आहे. त्यात दिव्यांचं आधी लिहिलं, कोरलेल्या खुणांची तक्रार त्याखाली.