गिअरची गाडी

मोटारसायकलचा विषय घरात बहुतेक जेवताना निघतो आणि पहिल्या ‘कशाला?’लाच संपतो. पुढची वाक्यं सगळ्यांना पाठ असतात. बस आहे की. आधी नोकरीला लाग, मग स्वतःच्या पैशानं घे. अमक्यांच्या मुलाचं काय झालं ते विसरलास? शेवटी मध्यस्थ म्हणून मामा तोडगा काढतो, ‘ताई, अगदीच ऐकत नसेल तर स्कूटी घेऊन दे त्याला. गिअरची नको.’

हा तोडगा आधी तपासायला हवा, कारण घरच्या विरोधातली सगळ्यात घट्ट समजूत त्यातच आहे. गिअर म्हणजे वेग, वेग म्हणजे हातपाय मोडणं, आणि बिनगिअरची म्हणजे गरीब गाय. प्रत्यक्षात ११० सीसीची स्कूटर आणि १०० सीसीची मोटारसायकल, दोन्ही ताशी ८० किलोमीटर सहज गाठतात. फरक चाकांत आहे. स्कूटरचं मागचं चाक बहुधा १० किंवा १२ इंची असतं, साध्या मोटारसायकलचं १७ किंवा १८ इंची. जुलैमध्ये खड्डा पाण्यानं भरला की त्याची खोली दिसत नाही. लहान चाक त्यात पुरतं उतरतं आणि पलीकडच्या काठावर आदळतं, मोठं चाक बरेचदा काठावरून निभावून नेतं. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना दुसरा फरक कळतो. मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. स्कूटरमध्ये गिअरऐवजी पट्टा असतो, तिथं हा आधार फार थोडा मिळतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वाईपर्यंत ब्रेक दाबतच आलं तर ड्रम तापतो, लिव्हर मऊ लागायला लागते आणि ऐन वळणावर ब्रेक निम्माच लागतो. गावात भाजी, दप्तर, गॅसची टाकी न्यायला स्कूटरसारखी सोय नाही, हे खरंच. पण ‘सुरक्षित म्हणून स्कूटर’ हा हिशोब खड्ड्यांच्या आणि घाटांच्या राज्यात तितकासा जुळत नाही.

गंमत अशी की नको म्हणणारी पिढी स्वतः दुचाकीवरच संसार करत आलेली आहे. बजाजची चेतक १९७२मध्ये आली आणि पुढची कित्येक वर्षं लोक नंबर लावून तिची वाट बघत होते. इंजिन एका बाजूला लटकलेलं, चाकं १० इंची, सकाळी सुरू होईना म्हणून गाडी आडवी करून मग किक. पुढे उभा मुलगा, मागे आडव्या बसलेल्या बायकोच्या मांडीवर धाकटी, आणि हेल्मेट कुणालाच नाही. हे आठवून दिलं की उत्तर येतं, ‘तेव्हा रस्ते मोकळे होते रे.’ आणि या उत्तरात तथ्य आहे! धोका वाढला तो गाडीमुळे कमी, रस्त्यावरच्या गर्दीमुळे जास्त. वर २००१मध्ये पल्सर आली आणि मुलं ‘अॅव्हरेज किती देते’ याच्याआधी ‘पिकअप कसा आहे’ विचारायला लागली, ही तक्रारही अगदीच खोटी नाही.

म्हणून ‘सगळ्यांकडे आहे’ हा युक्तिवाद घरात कधी टिकत नाही आणि टिकूही नये. घरच्यांची भीती मोघम वाटते, पण तिचे भाग सुटे केले तर प्रत्येकाला ठोस उत्तर असतं. निदान काहींना.

पहिली भीती थांबण्याची. ताशी ४०वर असताना समोर कुत्रं आलं, तर मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात ११ मीटर जातात. मग कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर आणखी १०–११ मीटर. ताशी ६०वर हाच हिशोब १७ अधिक २४, म्हणजे जवळपास ४० मीटरवर जातो. शहरातली मोठी बस १२ मीटरची असते, तशा तीन बस एकामागे एक उभ्या केल्या तरी अंतर उरतं. वेग दीडपट केला की थांबायचं अंतर जवळपास दुप्पट होतं, हे ज्याला बाबांना कागदावर मांडून दाखवता येईल त्यानंच चावीची गोष्ट काढावी.

हे आकडे दोन्ही ब्रेकचे आहेत. आपल्याकडे मात्र निम्मी जनता फक्त पायाचा ब्रेक वापरते. कुणीतरी लहानपणी सांगितलेलं असतं की पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे नुसत्या पायाच्या ब्रेकनं अंतर दुपटीच्या घरात जातं. पुढचा झटक्यात आवळायचा नसतो. आधी हलका, वजन पुढे आलं की घट्ट. वळणात, खडीवर, ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर मात्र तो जपूनच. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं, त्यानं चाक जाम होत नाही. जुनी १५० सीसी घ्यायची असेल तर त्याच्या आधीचं मॉडेल कितीही चकाचक असो, नको म्हणावं.

आता जुन्या गाडीचंच. घरून पैसे मिळणार नाहीत हे ठरलेलं असल्यामुळे बहुतेकांची पहिली गाडी सेकंडहँडच असते. ती बघायला जाताना मालकाला आधीच सांगावं की इंजिन गार असू दे. गेल्या गेल्या सायलेन्सरच्या नळीजवळ हात न्यायचा. गरम लागली तर सकाळची अडचण लपवायला गाडी आधीच फिरवून आणलेली असते. सुरू केल्यावर मिनिटभर तशीच ठेवून एकदा रेस करा. निळसर धूर आला तर इंजिन ऑईल खातंय. नुसता सुरू करताना येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या सीलवर भागेल, येतच राहिला तर रिंग-पिस्टनचं काम आहे आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा व्हायला हवी. ऑईल काळं असलं तर चालतं. त्यात धातूच्या कणांची बारीक चकाकी दिसली तर आभार मानून निघावं.

मग गाडी मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचलायचं आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. बरोबर मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलाय. तो बदलता येतो, पण गाडीनं खड्डे फार खाल्लेत हे कळतं. शॉकअबच्या चकचकीत नळीवर तेलाचं कडं दिसलं तर ऑईल सील गेलेलं. मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रावरून, चेन मागे ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला, किंवा दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावी लागतात. नुसती चेन घातली तर जुने दात तिला काही महिन्यांत खाऊन टाकतात. टायरच्या बाजूला चार अंक असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं झालं की कडक होतं आणि ओल्यात धरत नाही.

पडलेली गाडी ओळखायची तर टाकीचा रंग बघू नका, तो कुणीही मारून देतो. क्लच आणि ब्रेक लिव्हरच्या टोकाच्या गोळ्या बघा, फुटरेस्टचं टोक बघा, हँडलच्या टोकाची वजनं बघा. घासलेलं असेल तर गाडी त्या बाजूला झोपलेली आहे. मीटर १८ हजार दाखवत असेल आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर विश्वास रबरावर ठेवावा. शेवटी मोकळ्या रस्त्यावर सरळ चालवताना हँडलवरची पकड अगदी सैल करायची. गाडी सतत एकीकडे ओढत असेल तर फोर्क किंवा चासी वाकलेली असू शकते, आणि मग स्वस्तात मिळाली म्हणूनसुद्धा घेऊ नये.

चासी नंबर आरसीशी अंकन् अंक जुळवायचा, थकलेली चलानं ऑनलाइन बघायची, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घ्यायचा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८चं ना-हरकत. ‘सह्या करून ठेवल्यात, नंतर करून घ्या’ हे कधीही ऐकायचं नाही. पॉलिसीही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो.

नावाचा मुद्दा घरात वेगळ्याच कारणानं येतो. बाबा शेवटी कबूल झाले तर म्हणतात, ‘गाडी माझ्या नावावर राहील.’ यात प्रेम आहे, धाक आहे, पण विम्याचा घोळही आहे. पॉलिसीसोबत १५ लाखांचं जे व्यक्तिगत अपघात संरक्षण येतं, ते नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असताना लागू होतं. गाडी बाबांच्या नावावर आणि रोज चालवणार मुलगा, तर त्या १५ लाखांत मुलगा बसतच नाही. त्याच्यासाठी वेगळी पॉलिसी किंवा जोडसंरक्षण घ्यावं लागतं. आणि नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागं बसलेलीलाही ती धरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे ज्या आईला समजवायचं, तिलाच मागं बसवून विम्याबाहेर ठेवायचं, असा प्रकार.

आईवरून साडी गार्डकडे येऊ. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची ती जाळी दिसायला ओबडधोबड असते हे मान्य. गाडी आणल्यावर पहिल्याच रविवारी मुलं ती काढतात, आरसे काढतात आणि सायलेन्सर बदलतात. ही तिन्ही कामं घरच्यांचा संशय खरा ठरवणारी आहेत. मागं बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही एवढं मागचं चाक झाकलेलं हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. हातानं धरायला कडी आणि फुटरेस्टही हवा. पदर किंवा ओढणी फिरत्या चाकात गेली की आरा आणि चेन ती क्षणात गुंडाळून घेतात, मग माणूस मागं खेचला जातो आणि ओढणी गळ्याभोवती असेल तर काय होतं ते लिहायला नको. जाळी असूनही पदर खोचून आणि ओढणीला पाठीमागे गाठ मारूनच बसायचं. दोन स्क्रूंची ती जाळी जागेवर ठेवली, तर आईशी निम्मं बोलणं न बोलता होतं.

गाडी मुलीला हवी असेल तर जेवणाच्या ताटावरचं वाक्य वेगळं असतं. ‘तुला उचलणार आहे का?’ उचलणार नक्कीच, कारण ते ताकदीचं काम नाही. १०० सीसीच्या गाडीचं वजन ११० किलोच्या आसपास भरतं. पडली की आधी इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा. हँडल पूर्ण वळवून गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटच्या कडेला टेकवायची, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या कडीवर. पाठ ताठ ठेवून पायांनी मागं रेटत छोटी छोटी पावलं टाकायची. कमरेतून वाकून पुढं ओढायला गेलं तर पहिलवानाचीही पाठ धरते. घेताना बघायची ती सीटची उंची. बहुतेक साध्या गाड्यांची ७८०–८०० मिलिमीटर असते, आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले की पुरतं.

हेल्मेटवर घरात वाद नसतो, फक्त सगळ्यांचं लक्ष त्याच्या रंगाकडे असतं. आयएस ४१५१ लिहिलेला आयएसआयचा शिक्का बघायचा आणि घालून मान हलवायची. हेल्मेट डोक्याभोवती फिरलं तर मोठं आहे, गालांची कातडी त्याच्याबरोबर हलली तर माप बरोबर. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच जागा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोलचा थर दबलेला असतो. ते फेकून द्यायचं. धाकट्या भावाला द्यायचं नाही.

काही भीतींना मात्र उत्तर नसतं. कोल्हापूर-सांगलीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एकामागे एक जोडलेल्या, कित्येकदा रिफ्लेक्टर नसलेल्या, मागं दिवाही नाही, आणि उसाची कांडकी रस्ताभर सांडलेली. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर असताना काळ्या रस्त्यावरची ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिथं हेल्मेट आणि एबीएस दोन्ही अपुरे. त्या भागातल्या आया ‘अंधार पडायच्या आत ये’ म्हणतात, तर त्या हंगामात ते पाळायचं. पहिल्या पावसातही तसंच. उन्हाळाभर रस्त्यात मुरलेलं ऑईल वर येतं, सिग्नलजवळ आणि बसथांब्याजवळ सगळ्यात जास्त. तासभर थांबलं की चांगला पाऊस ते धुऊन नेतो.

लर्निंग काढून ३० दिवसांनी पक्क्या लायसनसाठी जाता येतं. ते ३० दिवस रोज सकाळी सहाला मोकळ्या मैदानात आठचा आकडा घालण्यात घालवावेत, शक्यतो बाबांना बरोबर नेऊन. ते कडेला उभे राहून क्लच कसा सोडायचा ते सांगतील. चेतकचा क्लच डाव्या मुठीतच होता, गिअरही तिथंच, तेव्हा त्यांची निम्मी सूचना चुकीची असेल. ऐकून घ्यायची. आठवड्याभरात ते स्वतःच ‘बघू, एक चक्कर’ म्हणतात.