मागच्या ट्रम्पेटवाल्याचं नाव

आमच्या बाबांचं एक ठरलेलं वाक्य आहे, तेव्हाची गाणी अस्सल आपली होती, आता सगळं वेस्टर्न झालं. लहानपणापासून ऐकतेय आणि मलाही ते खरंच वाटायचं. परवा रात्री हेडफोन लावून 'अलबेला'ची गाणी ऐकायला बसले आणि ठरवलं की आज गाणाऱ्याकडे लक्षच द्यायचं नाही, मागे काय वाजतंय तेवढंच ऐकायचं. 'शोला जो भडके' लावलं आणि पुढचा तासभर तेच एक गाणं परत परत.

बघा ना, पिक्चर १९५१ चा. चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. नाचतोय कोण, तर गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, ज्याची स्टेप गणपतीच्या मिरवणुकीत अजून जशीच्या तशी दिसते. मागे वाजतोय तो बोंगो, म्हणजे हाताने वाजवायच्या छोट्या ड्रमची जोडी, मुळात क्यूबाचं वाद्य. आणि ट्रम्पेट चिक चॉकलेटचं, मूळचा गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांमध्ये जॅझ वाजवायचा, लोक त्याला अमेरिकेतल्या जॅझ ट्रम्पेटवाल्याच्या नावावरून भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत गोव्याच्या माणसाच्या फुंकीतून मराठी माणसाच्या चालीत येऊन बसलं, आणि कुठेही ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही!!

पण गोव्याचेच लोक का? कारण पोर्तुगीज काळात तिथे चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, चर्चमध्ये गायला-वाजवायला माणसं हवीत म्हणून. गावात नोकऱ्या नाहीत, मग मुंबई. धोबीतलावच्या 'कूड'मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या खोल्यांमध्ये, पेटी-वळकटी टाकून राहायचं आणि काम शोधायचं. त्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांमधलं काम कमी झालं आणि स्टुडिओ आणखी जवळचे वाटायला लागले.

आणि स्टुडिओला त्यांची गरज होतीच. आपल्याकडे संगीत गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात, लिहून काढायची फारशी गरजच पडत नसे. पण चाळीस-पन्नास वादक एकदम वाजवायचे तर प्रत्येकासमोर कागद पाहिजे ना? मग संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवणार, अरेंजर शेजारी बसून ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवणार, व्हायोलिनला काय, चेलोला काय, दोन कडव्यांच्या मधे काय वाजेल, सगळं. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनकडे जे काम केलंय ते ऐका, आवाजाच्या मागून व्हायोलिन्स स्वतःचीच एक वेगळी चाल घेऊन जातात, आणि ती काढून टाकली तर गाणं अर्धं होईल. अर्धं!

यांतल्या बहुतेकांचं नाव टायटल्समध्ये आलंच नाही, आलं तर सहाय्यक म्हणून. याचं मला मनापासून वाईट वाटतं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईत आले, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे व्हायोलिनचे शिष्य, आणि शिष्याने १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात गुरूचं नाव घातलं. ते गाणं पाठ नाही असा माणूस सापडणार नाही, पण या नावाचा खरा माणूस होता हे मलाच कितीतरी उशिरा कळलं.

बाबांशी वाद नाही घातला. ती गाणी आपली आहेतच, फक्त त्या 'आपली'मध्ये कोण कोण आहे ते त्यांनीही ऐकावं असं वाटलं, म्हणून लिंक पाठवली, खाली लिहिलं की यावेळी फक्त ट्रम्पेट ऐका. थोड्या वेळाने फोन.

"अगं, हा वाजवणारा कुठे दिसतो का गं?"

म्हटलं, दिसतो ना बाबा, 'अलबेला'तच आहे बँड घेऊन, रविवारी येते, मिळून बघू.